वाचकांचे प्रश्न : माथेरानची गाडी आणि जुन्या इंजिनांची निगा

मागील अंकात नेरळ–माथेरान रेल्वेवरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. ज्यांच्या वाचनात तो लेख आला नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या खटपटीतून 1904 ते 1907 या काळात ही 610 मिलिमीटर रुंदीची आणि सुमारे 21 किलोमीटर लांबीची लोहमार्गाची वाट डोंगरावर चढवली गेली, तिला त्या वेळी सुमारे 16 लाख रुपये खर्च आला, 22 मार्च 1907 रोजी तिच्यावरून पहिली प्रवासी गाडी धावली आणि आज ती मध्य रेल्वेकडून चालवली जाते. माझे नोकरीचे आयुष्य रेल्वेच्या यांत्रिक विभागात गेले असल्यामुळे उत्तरांमध्ये कारखान्यातली भाषा थोडी येईल, त्याबद्दल वाचकांनी समजून घ्यावे.

प्रश्न : माथेरानच्या वाफेच्या इंजिनांची चाके वळणावर रुळाबरोबर वळत, असे आपण लिहिले आहे. रेल्वेची चाके तर आसावर घट्ट बसवलेली असतात आणि सगळे आस एकमेकांना समांतर असतात. मग ती वळत कशी? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि या रेल्वेचे सारे वेगळेपण त्या एका शंकेत आहे. नेरळहून माथेरानला जाताना गाडी सुमारे साडेसातशे मीटर उंची चढते आणि काही ठिकाणी 20 मीटर अंतरात 1 मीटर असा चढ आहे. एवढा चढ चढायला वाफेची ताकद जास्तीत जास्त चाकांना मिळायला हवी, म्हणजे चाके दांड्यांनी एकमेकांना जोडलेली हवीत. परंतु जोडलेली सहा चाके एका ताठ चौकटीत बसवली, तर या मार्गावरच्या आवळ वळणांवर ती अडकतात, रुळाला घासतात आणि वेळप्रसंगी रूळ सोडतात. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे माथेरानच्या कामातही सल्लागार होते, आणि येथे जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्याची जी चार इंजिने आली त्यांत क्लिन-लिंडनर पद्धतीचे आस बसवलेले होते.

या पद्धतीत मधला आस नेहमीसारखाच असतो. पुढचा आणि मागचा आस मात्र दुहेरी असतो. आत एक भरीव आस, जो चौकटीत पक्का बसलेला असून जोडदांड्यांनी फिरतो. आणि त्याच्यावर सैल चढवलेले एक पोकळ नळकांडे, ज्याच्या दोन टोकांना चाके असतात. भरीव आसाच्या बरोबर मध्यभागी चेंडूसारखा फुगवटा असतो आणि त्यातून एक आडवी खीळ जाते. खिळीमुळे आतला आस बाहेरच्या नळकांड्याला फिरवतो, आणि फुगवट्यामुळे ते नळकांडे फिरता फिरता थोडे तिरपे होऊ शकते व थोडे बाजूला सरकूही शकते. गाडी वळणावर आली की रूळच चाकांना ढकलून योग्य दिशेला लावतात. चौकटीतले आस समांतरच राहतात, वळतात ती नळकांड्यावरची चाके.

एवढी सुंदर रचना, परंतु तिची किंमत निगेत मोजावी लागते. तो फुगवटा आणि ती खीळ नळकांड्याच्या पोटात दडलेली असल्यामुळे वरून पाहून झीज कळत नाही, तेल पोचवणे कठीण असते, आणि धूळ व पाणी एकदा आत गेले की खिळीच्या भोकाची घडण लंबगोल होऊ लागते. त्याची पहिली खूण म्हणजे गाडी सुटताना येणारा बारीकसा 'ठक्' असा आवाज. इंजिनाबरोबर रोज वावरणाऱ्या ड्रायव्हरला तो लगेच ऐकू येतो. वर्षातून एकदा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याला तो बहुधा ऐकू येत नाही.

चाकांच्या झिजेविषयी आणखी एक हिशेब सांगतो. एका पूर्ण वेढ्यात बाहेरच्या रुळाची लांबी आतल्या रुळापेक्षा पावणेचार मीटरहून थोडी जास्त भरते, मग तो वेढा लहान असो की मोठा. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट असल्यामुळे एवढ्या अंतराचा मेळ चाकांच्या उतरत्या घडणीने आणि उरलेला घसरण्याने घालावा लागतो. वळणे जितकी जास्त, तितकी ही घसरण जास्त, आणि तितकी चाकाची कड, म्हणजे फ्लँज, लवकर पातळ होते. डोंगरी रेल्वेच्या कारखान्यात चाके लेथवर चढवून पुन्हा आकारात आणण्याचे काम सपाटीवरच्या रेल्वेच्या मानाने फार लवकर लवकर करावे लागते, त्याचे कारण हे आहे.

प्रश्न : नेरळ स्थानकाजवळ उभे केलेले वाफेचे इंजिन पाहून माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, "यात पाणी आणि कोळसा घातला तर हे चालेल का?" मला उत्तर देता आले नाही. (एक पालक, ठाणे)

उत्तर : आपल्या मुलाला माझ्या वतीने सांगावे की, पाणी आणि कोळसा घालण्याआधी करावयाच्या कामांना दोनतीन वर्षे सहज लागतील, आणि त्यांतले बहुतेक काम बॉयलरचे असेल. त्याने विचारलेला प्रश्न मोठ्या माणसांच्या बैठकांतही विचारला जातो, आणि तेथे त्याचे उत्तर अनेकदा फार घाईने दिले जाते, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो.

बॉयलर म्हणजे पाण्याने भरलेले एक जाड पत्र्याचे पिंप, ज्याच्या मागच्या टोकाला भट्टी असते आणि भट्टीतला जाळ अनेक नळ्यांमधून पाण्याच्या पोटातून पुढे धुराड्याकडे जातो. भट्टीचा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये पाणी असते, आणि वाफेच्या दाबाने ते पत्रे फुगू नयेत म्हणून त्यांना शेकडो आडव्या खिळ्यांनी बांधून ठेवलेले असते. या खिळ्यांना स्टे म्हणतात. स्टे तुटतो तो बहुतेक वेळा आतल्या आत, डोळ्याला न दिसता. म्हणून पूर्वीच्या लोकांनी प्रत्येक स्टेच्या टोकात एक बारीक भोक पाडून ठेवण्याची युक्ती काढली. स्टे तुटला की त्या भोकातून पाण्याची किंवा वाफेची बारीक धार येते आणि तुटका स्टे स्वतःच ओरडून सांगतो. बॉयलरमेकर हातोडीने एकेक स्टे वाजवत जातो तेव्हा चांगला स्टे खणखणतो आणि तुटलेला भद्द वाजतो. मी शिकाऊ असताना आमचे मिस्त्री डोळे मिटून हे काम करीत, आणि कोणी बोलू लागले तर हात वर करून त्याला गप्प करीत.

वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या असलेल्या इंजिनात काय झालेले असते? धुराड्याखालच्या पेटीत शिल्लक राहिलेली राख पावसाच्या ओलाव्याने आम्लधर्मी होते आणि पेटीचा तळ खाऊन टाकते. नळ्या आतून गंजतात. पत्र्याच्या आवरणाखाली उष्णतारोधक थर असतो, जो जुन्या इंजिनांत पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचा असतो. तो ओला राहून बॉयलरला बाहेरूनही गंज चढवतो. (म्हणून कोणत्याही जुन्या इंजिनाचे असे आवरण हौशी माणसांनी कधीही खरवडू नये, ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते.) तेव्हा पहिले काम म्हणजे आवरण योग्य त्या खबरदारीने उतरवणे, पत्र्याची जाडी श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्राने ठिकठिकाणी मोजणे, सगळ्या नळ्या काढणे, पाण्याच्या अंगाला साचलेले क्षारांचे थर साफ करणे आणि मगच दुरुस्ती करायची की नवा बॉयलर बांधायचा हे ठरवणे.

दुरुस्तीनंतर बॉयलरमध्ये आधी वाफ भरत नाहीत, थंड पाणी भरतात आणि पंपाने त्याचा दाब रोजच्या कामाच्या दाबापेक्षा अधिक चढवतात. त्यात कोठे सांधा सुटलाच तर पाणी उडते आणि दाब क्षणात उतरतो, कारण पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही. वाफेचे तसे नाही. बॉयलरमधले पाणी शंभर अंशांच्या कितीतरी वर तापलेले असते, आणि पत्रा फाटला तर त्यातले पुष्कळसे पाणी तत्क्षणी वाफ होते. आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबात पाण्याची वाफ झाली की तिला पाण्याच्या सुमारे सोळाशेपट जागा लागते. बॉयलर फुटणे म्हणजे काय, ते या आकड्यावरून मुलाला समजेल.

डोंगरी मार्गावर यात आणखी एक धोका असतो. भट्टीच्या छतावर नेहमी पाणी असलेच पाहिजे, नाहीतर छत तापून मऊ पडते. आता 20 मीटरला 1 मीटर अशा चढावर उभ्या असलेल्या इंजिनाचा विचार करा. बॉयलरची लांबी 3 मीटर धरली तर त्याच्या एका टोकाला पाण्याची पातळी दुसऱ्या टोकापेक्षा 15 सेंटिमीटरने वर असते. धुराडे पुढे ठेवून चढताना पाणी मागे, भट्टीकडे येते आणि सगळे ठीक दिसते; माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे धावते आणि भट्टीचे छत उघडे पडू शकते. काचेच्या नळीत दिसणारी पातळी म्हणूनच डोंगरात वेगळ्या हिशेबाने वाचावी लागते, आणि कोणत्या वळणाच्या आधी बॉयलरमध्ये पाणी सोडायचे हे फायरमनला पाठ असावे लागते. छतात बसवलेला शिशाचा प्लग वितळून वाफेने जाळ विझवतो, तो शेवटचा बचाव आहे. त्याच्या भरवशावर कोणी गाडी चालवत नाही.

आणि एवढे सगळे झाले तरी इंजिन सकाळी पेटवून तासाभरात निघत नाही. थंड बॉयलरमध्ये आदल्या संध्याकाळी लहानसा लाकडाचा जाळ करून त्याला रात्रभर हळूहळू ऊब देतात, कारण तांबे आणि पोलाद सारख्या प्रमाणात पसरत नाहीत आणि घाई केली की नळ्यांचे सांधे ढिले पडतात. हे मी पाहिलेले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शेडमध्ये पाहुण्यांसाठी खास गाडी काढायची होती, आदेश उशिरा आला आणि इंजिन पहाटे पेटवून तीन तासांत वाफ चढवली गेली. सकाळी भट्टीचे दार उघडले तर नळ्यांच्या तोंडांवरून पाण्याचे थेंब निखाऱ्यांवर पडून चुरचुरत होते. गाडी रद्द झाली, नळ्या पुन्हा ठोकून बसवायला पुढचे आठ दिवस गेले, आणि ज्यांनी घाई करायला सांगितले होते ते त्या आठ दिवसांत एकदाही शेडकडे फिरकले नाहीत.

नेरळच्या इंजिनाविषयी माझे मत विचाराल तर ते चालते करण्याचा हट्ट धरण्यापेक्षा त्याच्यावर चांगले छप्पर असावे, धुराड्याचे तोंड झाकलेले असावे, राखेचा कणही आत नसावा आणि दर काही महिन्यांनी ते हातभर पुढेमागे सरकवले जावे, म्हणजे बेअरिंगचा भार एकाच जागी बसत नाही. त्याच्या तीन भावंडांपैकी 740 क्रमांकाचे इंजिन इंग्लंडमध्ये पोचले आहे. आपल्याकडे जे उरले आहे त्याची घडण जशीच्या तशी पाहायला मिळणे, हेही मोलाचे आहे.

प्रश्न : दार्जिलिंगच्या इंजिनांचे बॉयलर, चाके, नळ्या सगळे बदललेले असते असे ऐकतो. मग त्याला 'शंभर वर्षांचे इंजिन' म्हणणे ही फसवणूक नाही का? (एक निवृत्त शिक्षक, पुणे)

उत्तर : फसवणूक नाही, मात्र एका अटीवर, आणि ती अट नोंदीची आहे.

चालते यंत्र झिजण्यासाठीच बनवलेले असते. दार्जिलिंगची 'बी' वर्गाची इंजिने 1889 पासून बांधली जाऊ लागली तेव्हाही त्यांच्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते की बेअरिंगचा पांढरा धातू ठरावीक काळाने पुन्हा ओतावा लागेल, चाकांवरचे पोलादी टायर बदलावे लागतील आणि बॉयलर एका आयुष्यात दोनतीनदा नवा येईल. त्यासाठीच तर तिनधारियाला डोंगरात कारखाना उभा राहिला. सुटा भाग बदलणे हा त्या इंजिनाच्या जीवनक्रमाचाच भाग आहे, आपल्या वाड्यांच्या छपरावरची कौले दर पावसाळ्याआधी चाळली जातात तसा. निलगिरी पर्वतीय रेल्वेत याच्याही पुढची पायरी गाठली गेली. तेथील दातेरी रुळावर चालणारी 'एक्स' वर्गाची इंजिने मूळ स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथील कारखान्यातून आली होती. ती थकल्यावर तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कारखान्याने त्याच वर्गाची नवी वाफेची इंजिने आपल्या हातांनी बांधली. युनेस्कोने दार्जिलिंगला 1999 मध्ये, निलगिरीला 2005 मध्ये आणि कालका–शिमल्याला 2008 मध्ये जागतिक वारशात घेतले ते केवळ जुन्या लोखंडासाठी नव्हे, तर अवघड डोंगरात रेल्वे नेण्याची आणि ती चालती ठेवण्याची विद्या तेथे नांदते म्हणून, असे मी मानतो. गोल्डन रॉकमध्ये ज्या कारागिरांनी नवे इंजिन उभे केले त्यांच्या हातात आता जी विद्या आहे, ती काचेच्या पेटीत ठेवलेल्या कोणत्याही इंजिनात नाही.

आता अट. बदललेल्या प्रत्येक भागावर तो केव्हा आणि कोठे बनला याची खूण ठोकलेली असावी, काढलेला जुना भाग भंगारात न जाता निदान एक नमुना म्हणून राखून ठेवावा, आणि का बदलला याची नोंद वहीत असावी. युरोपातील वारसा रेल्वेंनी 2005 मध्ये रिगा येथे मान्य केलेल्या सनदेचा रोखही असाच आहे : गाडी चालवणे हे जतनाचेच अंग मानावे, आणि जे नवे घातले ते लपवू नये. आपल्याकडे नोंदीची ही शिस्त मला फार कमी ठिकाणी आढळली, आणि याची मला मनापासून खंत वाटते. जुना पितळी झडप-भाग विकून टाकल्यानंतर त्याचा साचा बनवायला माप कोठून आणणार?

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र जुनेपणाचा आग्रह मी कधीच धरणार नाही. माथेरानच्या गाडीत पूर्वी डब्याडब्यांवर माणसे बसून हाताने ब्रेक आवळीत. 2016 च्या मे महिन्यात डबे घसरण्याच्या घटना घडल्या आणि वाहतूक थांबवली गेली. ती 2018 च्या जानेवारीत नेरळपासून पुन्हा सुरू होईपर्यंत हवेच्या दाबाचे ब्रेक आणि दरीच्या अंगाला कठडे यांची कामे झाली. हातब्रेकवाले गेले म्हणून हळहळणाऱ्यांची पत्रेही माझ्याकडे आली आहेत. त्यांना माझे सांगणे आहे की, त्या माणसांचे काम कसे चाले याचे चित्रण करून ठेवा, एक जुना डबा हातब्रेकसह नमुना म्हणून राखा, परंतु ज्या गाडीत लेकुरे बसतात तिचे ब्रेक आजचे असू द्या.

प्रश्न : पावसाळ्यात नेरळहून गाडी का बंद ठेवतात? दुरुस्तीच्या नावाखाली टाळाटाळ तर नाही ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. डोंगराच्या कडेवर कोरलेल्या वाटेला वरून येणारे पाणी रुळाखालून पलीकडे काढून देणे हेच येथे खरे स्थापत्य आहे, आणि एखादी मोरी दगडांनी तुंबली की पाणी रुळाखालची खडी घेऊन जाते. 26 जुलै 2005 च्या पावसाने या मार्गाची जी दैना केली ती दुरुस्त व्हायला 2007 उजाडले, आणि 2019 च्या पावसाने वाहून गेलेल्या मार्गावरून नेरळ–माथेरान गाडी थेट 22 ऑक्टोबर 2022 रोजी पुन्हा धावली. पावसाळ्यात अमन लॉज स्थानक ते माथेरान हा वरचा तुकडा चालू ठेवतात, कारण तो तुलनेने सपाट आहे आणि गावात मोटारींना बंदी असल्यामुळे रहिवाशांनाही त्याचा आधार असतो. ट्रॅकमन या चार महिन्यांतही वाट चालून पाहतच असतात.

प्रश्न : आमच्या शकुंतला रेल्वेला माथेरानसारखा वारशाचा मान का मिळू नये? (एक वाचक, मूर्तिजापूर)

उत्तर : मान मिळावा, असेच माझेही मत आहे, प्रश्न आहे तो कशाला आणि किती. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा 762 मिलिमीटर रुंदीचा मार्ग वऱ्हाडातला कापूस बंदराकडे नेण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या कारभाराखाली बांधला गेला, आणि मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेले वाफेचे इंजिन त्याच्यावर एप्रिल 1994 पर्यंत रोजची प्रवासी गाडी ओढत होते. एवढी दीर्घ सेवा देशातल्या फार थोड्या इंजिनांच्या वाट्याला आली असेल.

परंतु मार्गाची लांबी दोनशे किलोमीटरच्या जवळ जाते, आणि स्वच्छ सांगायचे तर एवढ्या लांबीचा अरुंद मार्ग केवळ वारसा म्हणून सांभाळणे कोणालाही झेपणार नाही. रुळांची गस्त, पूल, फाटके आणि स्लीपर यांचा खर्च गाडी दिवसातून एकदा धावली काय आणि दहा वेळा धावली काय, जवळजवळ तेवढाच असतो. गावकऱ्यांची खरी गरज रुंद मार्गावरच्या वेगवान गाडीची आहे आणि ती रास्तही आहे. म्हणून रुंदीकरणाला विरोध न करता, एखादे जुने स्थानक, त्याचे सिग्नल, पाण्याची टाकी आणि दोनतीन किलोमीटरचा तुकडा रुळांसह राखून ठेवण्याची मागणी करावी. बार्शी लाइट रेल्वेचे रुंदीकरण झाले तेव्हा अशी मागणी वेळीच आणि पुरेशा जोराने झाली नाही. मिरज–लातूर गाडीच्या डब्यांत बसून पंढरपूरला गेलेल्या पिढीला आज नातवंडांना दाखवायला चालता तुकडा उरलेला नाही. आपल्याकडे अजून वेळ आहे. रूळ एकदा उचलले की परत कोणी टाकत नाही, हे ध्यानात ठेवून मागणी रूळ जागेवर असतानाच करावी.

प्रश्न : येथे वेल्समधल्या एका छोट्या रेल्वेत मी सुट्टीच्या दिवशी विनावेतन काम करते, डबे रंगवते, तिकिटे देते. असे महाराष्ट्रात का होत नाही? (एक वाचक, इंग्लंड)

उत्तर : आपले काम वाचून फार समाधान वाटले. वेल्समधील टॅलिलिन ही 1865 ची स्लेट वाहणारी रेल्वे बंद पडण्याच्या बेतात असताना 1951 मध्ये टॉम रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हाती घेतली आणि स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली पहिली रेल्वे ती ठरली, हे आपणास ठाऊक असेलच. तेथे मालकी छोट्या कंपनीची होती आणि ती लोकांनी उचलली. आपल्याकडच्या डोंगरी रेल्वे या भारतीय रेल्वेच्या, म्हणजे सरकारच्या, मालकीच्या आहेत. गाडी कोणी हाकावी, रूळ कोणी तपासावेत याचे नियम मुंबईच्या लोकलला जे लागू तेच त्यांना लागू, आणि प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे ते शिथिल व्हावेत असे मी म्हणणार नाही.

तथापि गाडी हाकणे आणि रूळ तपासणे सोडून उरलेले काम काय थोडे आहे? लाकडी डब्यांची निगा घ्या. सागवानी चौकटीवर पत्रा ठोकलेला डबा पावसात कुजतो तो वरून नव्हे, तर खिडकीच्या खालच्या पट्टीपाशी, जेथे काचेवरून ओघळलेले पाणी साचते. तेथे पेनाचे टोक दाबून पाहिले तर कुजलेले लाकूड रंगाच्या आत भुसभुशीत लागते, आणि वरचा रंग मात्र नवा कोरा चकाकत असतो. असे दोनशे कोपरे वर्षातून दोनदा तपासून वहीत टिपायला स्वयंसेवक पुरेसे आहेत, आणि अशी वही हातात आली तर कारखान्यातल्या सुताराचे निम्मे काम हलके होते. जुन्या फोटोंची जुळणी, निवृत्तांच्या मुलाखती, स्थानकांवर प्रवाशांना माहिती देणे, हेही तसेच. दार्जिलिंगच्या रेल्वेसाठी 1997 पासून ब्रिटनमध्ये एक संस्था असे पाठबळ देत आली आहे. माथेरानसाठी मुंबई-पुण्यातल्या मराठी माणसांनी असे मंडळ काढले तर रेल्वेकडून काही कामांची परवानगी मिळवणे अशक्य नाही. सुरुवात मात्र मागण्यांच्या निवेदनाने न करता एखाद्या पुऱ्या केलेल्या कामाने करावी.

प्रश्न : माझे आजोबा येथील नॅरोगेजच्या कारखान्यात फिटर होते. त्यांची एक तेलकट वही घरात सापडली. तिच्यात आकडे, आकृत्या आणि काही खुणा आहेत; आम्हाला त्यातले काहीच कळत नाही. रद्दीत टाकावीशी वाटत नाही, पण करावे काय? (एक वाचक, कुर्डुवाडी)

उत्तर : कृपा करून ती वही टाकू नका. या वेळच्या सगळ्या पत्रांत मला आपले पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटले.

कारखान्याच्या अधिकृत नकाशात भागाचे मूळ माप असते. फिटरच्या वहीत असते ते प्रत्यक्षातले माप : कोणत्या इंजिनाचे बेअरिंग किती सैल ठेवले म्हणजे ते गरम होत नाही, कोणत्या चाकाखाली किती जाडीची पट्टी घालावी लागली, कोणता नट उलट्या आट्यांचा आहे. ही माहिती नकाशांत कधीच उतरत नाही, आणि जुने इंजिन पुन्हा उभे करणाऱ्याला नेमकी तीच हवी असते. आपण पाठवलेल्या पानाच्या छायाचित्रात '7 – बाँ – दोन कागद' असे लिहिलेले दिसते. माझ्या अंदाजाने ते सात क्रमांकाच्या इंजिनाच्या डावीकडील भागाविषयी असावे आणि 'दोन कागद' म्हणजे सांध्यात घातलेल्या पातळ कागदाच्या दोन घड्या. आम्हीही फट मोजताना कागद वापरीत असू. परंतु हा अंदाज आहे, आणि तो पक्का करू शकतील अशी माणसे आपल्याच गावात असतील.

वहीला प्लॅस्टिकचा थर देऊ नका, डाग पुसू नका, सुटी पाने चिकटपट्टीने जोडू नका. दिवसाच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, प्रत्येक पानाचे कोरे पानसुद्धा न वगळता छायाचित्र घ्या आणि शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे आकृत्यांचे खरे मोजमाप कळेल. मग ती छायाचित्रे मोठ्या अक्षरांत छापून आजोबांबरोबर काम केलेल्या ज्येष्ठांकडे घेऊन जा. ते काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करा. मध्ये बोलून दुरुस्त करू नका, कारण ज्या शब्दाचा अर्थ आपणास लागत नाही तोच बहुधा एखाद्या अवजाराचे किंवा भागाचे कारखान्यातले नाव असतो. वही स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवा आणि तिची एक प्रत रेल्वेच्या संग्रहालयाला देऊ करा, मूळ वही घरातच राहू द्या. सर्वांत आधी मात्र त्या ज्येष्ठांना भेटा, शक्य झाल्यास येत्या रविवारीच, आणि पहिले पान पुढे ठेवताना एवढेच विचारा की 'बाँ' म्हणजे काय.